इराणी लघुचित्रांतील समुद्र आणि त्यांत नसलेले चाचे

मध्ययुगीन नौकानयनाविषयी मराठीत जे लेखन प्रसिद्ध होते त्याच्यासोबत एखाद्या इराणी अथवा मोगल लघुचित्राची प्रतिकृती छापण्याचा प्रघात चांगलाच रुळला आहे. मजकुरात होर्मुझहून चौलास उतरणाऱ्या घोड्यांची, दाभोळहून मक्केकडे निघणाऱ्या यात्रेकरूंची, वाटेत त्यांना नागविणाऱ्या चाचांची हकीकत असते. समोरच्या पृष्ठावर सोन्याच्या व लाजवर्दी रंगाच्या कामाने नटलेले एक डौलदार तारू असते. आणि त्याखाली ‘तत्कालीन जहाज’ एवढीच ओळ असते. मजकूर आणि चित्र हे एकाच घटनेचे दोन साक्षीदार आहेत, अशी वाचकाची सहज समजूत होते. वस्तुतः या दोन साक्षीदारांची एकमेकांशी ओळखही नाही. इराणी लघुचित्रात समुद्र आहे, जहाज आहे, वादळ आहे, अक्राळविक्राळ मत्स्य आहेत. पण समुद्रावर माणसाला लुटणारा माणूस तेथे जवळजवळ नाही. हा अभाव कशामुळे निर्माण झाला, आणि कोणत्या किनाऱ्यावर येऊन तो थोडासा भरून निघाला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र हा आहे, चित्रकला नव्हे. तथापि शब्दांचा माग काढता काढता तो या चित्रांपाशी येऊन थांबला, आणि शब्द जे सांगतात ते चित्र का सांगत नाही हा प्रश्न त्याला टाळता आला नाही.

चित्राला इतिहासाचा दाखला मानण्याची घाई आपल्याला नवीन नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील दरबाराचे दृश्य जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये दुसऱ्या पुलकेशीच्या सभेत आलेल्या इराणी वकिलाचे म्हणून ओळखविले. पुढे डीटर श्लिंगलोफ यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते बौद्ध कथेतील दृश्य असल्याचे दाखविले. परंतु ‘इराणी वकिलात’ हे नाव त्या चित्राला जे चिकटले ते अद्यापि पुरते सुटलेले नाही. टोप्या परकी दिसल्या आणि त्यांखाली राजकारण कल्पिले गेले. त्याच अजिंठ्यातील दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज आहे. तेही कथेतलेच. पण त्या जहाजावर एका बाजूस रांजण ओळीने मांडलेले आहेत, आणि कथेला त्या रांजणांची मुळीच गरज नव्हती. चित्रकाराने ते काढले, कारण त्याने ते कोठेतरी पाहिले होते. कथेला ज्याची आवश्यकता नाही असा तपशील जेथे दिसतो तेथे चित्रकाराचा डोळा बोलत असतो. जेथे कथेला हवे तेवढेच दिसते तेथे केवळ परंपरा बोलत असते. पुढील विवेचनात हीच कसोटी वापरली आहे. ती अचूक आहे असा दावा नाही, परंतु ‘तत्कालीन जहाज’ या ओळीपेक्षा ती निश्चितच बरी.

इराणी जहाजचित्रांपैकी जे अत्यंत प्रसिद्ध आहे त्याच्यापासून आरंभ करू. शाह तहमास्प याच्यासाठी तबरीझ येथे सिद्ध झालेल्या शाहनाम्याच्या हस्तलिखितात एकंदर २५८ चित्रे होती. हे हस्तलिखित १५६८ मध्ये नजराणा म्हणून तुर्कस्तानच्या दुसऱ्या सलीम सुलतानाकडे गेले आणि विसाव्या शतकात एका अमेरिकन संग्राहकाच्या हाती पडून त्याची पाने सुटी झाली. एका ग्रंथाची अशी फाटाफूट होणे ही सुसंस्कृत जगाला शोभणारी गोष्ट नव्हे, पण तो विषय वेगळा. सुट्या झालेल्या पानांपैकी एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मिर्झा अली या चित्रकाराचे व १५३० ते १५३५ च्या सुमाराचे ते मानले जाते. शाहनाम्याच्या प्रास्ताविक भागात फिर्दौसीने एक दृष्टान्त योजिला आहे. ईश्वराने हे जग समुद्रासारखे निर्माण केले. त्यात वादळी लाटा उठविल्या. त्या लाटांवर सत्तर जहाजे लोटली. आणि त्यांतील एका सालंकृत जहाजात पैगंबर, अली व त्यांचे कुटुंबीय बसले आहेत. बुडण्याचे भय सर्वांनाच आहे, पण बुडावयाचेच तर या जहाजात बसून बुडावे, असा त्या दृष्टान्ताचा आशय. मिर्झा अलीने तो रंगविला आहे.

चित्र पाहताच त्याचे सौंदर्य मनाचा ठाव घेते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मुख्य जहाजावर छत्रीदार मंडप आहे. पवित्र पुरुषांच्या चेहऱ्यांवर शुभ्र पडदे आणि मस्तकांमागे ज्वालांची प्रभावळ आहे. परंतु जरा वेळ थांबून आपण ज्या कसोटीचा उल्लेख केला ती लावून पाहावी. मंडप, गालिचा, वस्त्रे यांवर चित्रकाराने जो जीव ओतला आहे तो जहाजाच्या बांधणीवर नाही. पाण्यावरील हे जहाज म्हणजे पाण्यावर ठेवलेला राजवाड्यातील एक कक्ष आहे. माल कोठे भरतात, वल्ही कोण मारतो, गळणारे पाणी कोण उपसतो, या प्रश्नांशी या चित्राला कर्तव्य नाही. ते नसावे हेच योग्य, कारण दृष्टान्ताला त्याची गरज नाही. दोष चित्रकाराचा नव्हे. त्याच्या चित्राखाली नौकानयनाच्या इतिहासाची ओळ लिहिणाऱ्याचा तो दोष आहे. तबरीझपासून होर्मुझचे बंदर सरळ रेषेतही सुमारे दीड हजार किलोमीटर अंतरावर आहे. कास्पियन समुद्र त्या मानाने जवळ होता खरा, पण ज्या समुद्रावरून मिरी, घोडे आणि यात्रेकरू जात असत तो हा नव्हे.

इराणी परंपरेतील दुसरे मोठे जहाज नूहचे. ‘तुफान’ हा अरबी शब्द फारसीतून आपल्याकडे आला. मराठीत तो कोणत्याही सोसाट्याच्या वादळाला लागतो. पण कुराणात हा शब्द नूहच्या काळच्या प्रलयासाठी आलेला आहे, आणि इराणी चित्रकाराच्या मनात तुफान म्हटले की त्या प्रलयाची सावली असणारच. अकबराच्या पदरी असलेल्या मिस्कीन या चित्रकाराचे मानले जाणारे, १५९० च्या सुमाराचे नूहच्या जहाजाचे एक चित्र वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. हाफिजच्या दिवाणाच्या एका हस्तलिखितातील हे पान. पशुपक्ष्यांनी गजबजलेल्या त्या जहाजातून नूहचे पुत्र एकाला पाण्यात ढकलून देत आहेत. तो इब्लीस, म्हणजे सैतान. जहाजाचा नाश करण्याच्या हेतूने तो आत शिरला होता. जहाजावर चढून आलेला शत्रू मोगल-इराणी चित्रात शोधू लागलो की प्रथम हा असा भेटतो. तो कोणत्याही बंदराचा रहिवासी नाही, त्याला लूट नको, खंडणी नको. आणि त्याचा बंदोबस्त तोफेने होत नाही, पुण्याईने होतो. समुद्रावरील दुष्टता येथे मनुष्याच्या पातळीवर उतरतच नाही.

आमच्या पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ऑगस्ट २०१९ च्या महापुरात लोकांना बाहेर काढणारी नाव कृष्णेत उलटली आणि माणसे दगावली. ज्यांनी ती नाव पाहिली त्यांना ‘नौका’ हे प्रथम रूपक म्हणून आठवणे शक्य नाही. तबरीझच्या कलावंताला ते शक्य होते, नव्हे, तेच स्वाभाविक होते. चित्राचे मोजमाप करताना हा फरक विसरता कामा नये.

मग इराणी लघुचित्राला लुटारूच ठाऊक नाहीत काय? तसे मुळीच नाही. सादीच्या गुलिस्तानात डोंगरमाथ्यावर दबा धरून बसलेल्या अरब लुटारूंची कथा अगदी पहिल्याच प्रकरणात येते. काफिला लुटला जाणे हा फारसी कथावाङ्मयातील नित्याचा प्रसंग आहे आणि चित्रकारांना तो वर्ज्य नव्हता. त्याच गुलिस्तानात समुद्रकथाही आहेत. जहाजात भेदरून रडणाऱ्या गुलामाला एका शहाण्याच्या सल्ल्याने पाण्यात टाकतात आणि केस धरून वर काढतात. मग तो कोपऱ्यात निमूट बसतो. भोवऱ्यात सापडलेल्या दोन भावांपैकी एकच वाचतो. कीशच्या बेटावर एक म्हातारा व्यापारी सादीला रात्रभर आपले बेत ऐकवतो: इराणचा गंधक चीनला नेईन, चिनी भांडी रूमला, रूमचे रेशमी वस्त्र हिंदुस्थानला, हिंदुस्थानचे पोलाद हलबला, आणि मग मात्र प्रवास सोडून दुकानात बसेन. व्यापाऱ्याच्या या लांबलचक यादीत समुद्री लुटारूंचे भय कोठेही नाही. सादीचा रोख लोभावर आहे आणि लोभाला शिक्षा मृत्यू देतो, चाचा देत नाही. जमिनीवर माणूस माणसाला लुटतो. समुद्रावर ईश्वर माणसाची परीक्षा घेतो. फारसी वाङ्मयाने केलेली ही वाटणी चित्राने जशीच्या तशी उचलली, कारण या परंपरेत चित्र हे मजकुराच्या मागून चालते.

या वाटणीचे सर्वांत बोलके उदाहरण दख्खनशी निगडित आहे, आणि ते आपल्या अभ्यासकांनी या दृष्टीने पाहावे असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या आश्रयाला राहून इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्ता याने ही हकीकत दिली आहे. गुलबर्ग्याच्या बहमनी गादीवर १३७८ ते १३९७ या काळात जो दुसरा महंमदशहा होता (फिरिश्ता त्यास महमूद म्हणतो) त्याच्या दरबारातील मीर फजलुल्ला इंजू याने हाफिजला दख्खनला येण्याचे निमंत्रण व प्रवासखर्चाचे द्रव्य पाठविले. हाफिजने त्यातील काही आप्तांना दिले, काही देणेकऱ्यांना दिले, आणि तो शिराझहून निघाला. लार येथे त्याला एक परिचित भेटला. त्याला लुटारूंनी नागविले होते. हाफिजने जवळचे उरलेसुरले त्याला देऊन टाकले. पुढे दोन व्यापाऱ्यांच्या साहाय्याने तो होर्मुझला पोहोचला आणि बहमनी सुलतानाने पाठविलेल्या जहाजावर चढलाही. इतक्यात वादळ उठले. हाफिज काही निमित्त काढून किनाऱ्यावर उतरला, इंजूला एक गझल लिहून पाठविली आणि शिराझला परत गेला.

हकीकत शब्दशः खरी आहे की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. तिची रचना पाहावी. त्यात लुटारू आहेत, पण ते लारच्या वाटेवर, खुष्कीवर. समुद्राशी हाफिजची गाठ पडते ती फक्त वाऱ्याच्या रूपाने. ज्या मार्गाने ते बहमनी जहाज परत जावयाचे होते त्या मार्गावर त्याच्या आधीचे शतकभर काय चालले होते ते इटालियन प्रवासी मार्को पोलो याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. ठाण्याच्या राज्याविषयी तो सांगतो की तेथून चाचे बाहेर पडतात, त्यांना राजाची संमती असते, आणि लुटीतील घोडे तेवढे राजाने घ्यावेत, बाकीचा माल चाचांनी ठेवावा असा त्यांच्यातील ठराव असतो. हे घोडे इराण-अरबस्तानच्या किनाऱ्यावरून येत. म्हणजे कोकणच्या चाचांनी ज्यांना लुटले त्यांत कीश-होर्मुझचे सावकारही असणार, हे उघड आहे. ज्या समाजाचा माल लुटला जात होता त्याच समाजाची चित्रकला त्या लुटीविषयी मौन पाळते. याला योगायोग म्हणता येत नाही. उलट, ज्या किनाऱ्यावर ही लूट झाली तेथे, बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर, वल्ह्यांच्या नौकांच्या रांगा आणि त्यांवरील युद्ध कोरलेले आहे. काही अभ्यासक त्यांचा संबंध शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातील १२६५ च्या सुमाराच्या संघर्षाशी जोडतात. शिल्प ओबडधोबड आहे, मिर्झा अलीच्या रेषेशी त्याची तुलनाच नको. पण तेथे एका नौकेतील माणसे दुसऱ्या नौकेतील माणसांना मारतात. खडकावर हे शक्य झाले आणि कागदावर झाले नाही.

लघुचित्राच्या तंत्रातच ही असमर्थता होती, असा आक्षेप येऊ शकेल. तो टिकणारा नाही. बगदादच्या परंपरेतील याह्या अल्-वासिती याने १२३७ मध्ये हरीरीच्या ‘मकामात’ या अरबी ग्रंथाची चित्रे काढली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील त्या हस्तलिखितात ओमानला जाणारे एक जहाज आहे. त्याच्या फळ्या दोरीने शिवलेल्या दिसतात, मागील बाजूस सुकाणू बसविलेले आहे, उतारू झरोक्यांतून डोकावत आहेत आणि खलाशी काम करीत आहेत. शिवणीच्या टाक्यांची हरीरीच्या यमकप्रचुर गद्याला काय गरज होती? अल्-वासितीने किंवा त्याच्या गुरूने बसऱ्याचे धक्के पाहिले असले पाहिजेत. तीनशे वर्षांनी मिर्झा अलीने जे काढले नाही ते काढता येत नव्हते म्हणून नव्हे. त्याचे आश्रयदाते समुद्रापासून दूर होते आणि त्याच्या ग्रंथाला दुसरेच काही सांगावयाचे होते, म्हणून.

येथे एका शब्दाचा विचार उपयुक्त ठरतो. फारसीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. परंतु तोच शब्द मोठ्या नदीलाही लागतो, जसे आमू दर्या. मराठीने हा शब्द उचलला तेव्हा त्याचा नदीवाचक अर्थ गाळून टाकला. कृष्णेला आम्ही कधी दर्या म्हणत नाही. भिलवडी-औदुंबराकडे पात्र कितीही भरले तरी तो ‘पूर’ किंवा ‘महापूर’ असतो. समुद्र आणि नदी या दोन भिन्न वस्तू आहेत हे ज्या किनारपट्टीला रोज दिसत होते त्या किनारपट्टीतून हा शब्द देशावर आला, आणि तेथेच त्याचा अर्थ मर्यादित झाला असावा. इराणी चित्रातील समुद्र पाहिला की फारसी ‘दर्या’चा दुहेरी अर्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. अनेकदा या समुद्राला हातभर अंतरावर काठ असतो, काठावर फुलझाडे आणि खडक असतात, आणि चांदीच्या वर्खाने रंगविलेले पाणी (जे कालांतराने काळवंडते) बागेतील हौदासारखे स्थिर असते. हा अनंत सागर एका काठावरून दुसऱ्या काठावर हाक मारता येईल एवढाच. चित्रकाराने समुद्र पाहिलेला नाही हे सांगावयास दुसरा पुरावा नको.

हे चित्र बदलते ते पश्चिम हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर, आणि बदलाचे कारण फिरंगी. गुजरातचा सुलतान बहादुरशहा १५३७ च्या फेब्रुवारीत दीवच्या समुद्रात मारला गेला. पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कुन्या याने आजाराचे निमित्त केले, सुलतान त्याला भेटावयास जहाजावर गेला, परतताना झटापट झाली आणि तो पाण्यात बुडाला. अबुल फजलने ‘अकबरनाम्या’त ही घटना सांगितली, आणि १६०३ च्या सुमाराच्या ज्या अकबरनाम्याचा भाग लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहे त्यात लाल या चित्रकाराने ती रंगविली. येथे समुद्रावर माणूस माणसाला मारतो. मारणाऱ्यांच्या डोक्यांवर फिरंगी टोप्या आहेत, बुडणारा पुरुष पैगंबर नाही की गुलाम नाही, तर नुकताच घडून गेलेला राजा आहे. इब्लीसाची जागा प्रथमच एका विशिष्ट देशाच्या, विशिष्ट पोशाखाच्या माणसाने घेतली. तरीही एक मर्यादा लक्षात घ्यावी. हा प्रसंग चित्रात आला तो राजाच्या मृत्यूमुळे. पोर्तुगिजांचा परवाना नसलेली किती सामान्य जहाजे या किनाऱ्यावर लुटली गेली, किती तांडेल व खलाशी मेले, त्यांचे चित्र काढण्यास लाल बसला नव्हता आणि त्याला तसे कोणी सांगितलेही नव्हते.

सामान्य उतारूंचे जहाज पाहावयाचे तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जावे. तेथे ‘अनीस-उल-हुज्जाज’ या फारसी ग्रंथाची सचित्र प्रत आहे. दुसरी एक प्रसिद्ध प्रत लंडनच्या खलीली संग्रहात आहे. ग्रंथकर्ता साफी इब्न वली हा मूळचा कझवीनचा, म्हणजे शाह तहमास्पने पुढे जेथे राजधानी नेली त्याच इराणी शहरातला. औरंगजेबाची कन्या झेबुन्निसा हिच्या आश्रयाने १६७६-७७ मध्ये त्याने सुरतेहून हजयात्रा केली आणि मागून येणाऱ्यांसाठी ही मार्गदर्शिका लिहिली. प्रवासात काय बरोबर घ्यावे, कोणती बंदरे लागतात, कोठे काय करावे, असा तिचा व्यवहारी विषय आहे. चित्रे गुजरातेत झाली असावीत असे मानतात. सुरतेचे बंदर, यात्रेकरूंनी भरलेली जहाजे, जिद्दा, पुढे मक्का, अशी ती दृश्ये आहेत. मिर्झा अलीची नजाकत येथे शोधू नये. माणसे ठोकळेबाज आहेत आणि इमारती नकाशाप्रमाणे सपाट मांडल्या आहेत. पण आपली कसोटी लावली असता हीच चित्रे वरच्या श्रेणीत बसतात. हे जहाज कशाचेही रूपक नाही. ते सुरतेहून सुटते आणि जिद्द्याला लागते. कझवीनच्या माणसाने समुद्र अखेर पाहिला, तो आपल्या किनाऱ्यावर येऊन.

आणि तरीसुद्धा या चित्रांत भय नाही. मार्गदर्शिका यात्रेकरूला धीर देण्यासाठी असते, म्हणून ते नसावे हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या प्रकारच्या जहाजांची ही चित्रे आहेत त्यांच्यावरच एकोणीस वर्षांच्या आत काय कोसळले ते खाफीखानाच्या फारसी इतिहासात वाचावे. सप्टेंबर १६९५ मध्ये मोखा-जिद्द्याकडून सुरतेस परतणारे ‘गंज-इ-सवाई’ हे बादशाही जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाचाने गाठले. खाफीखान सांगतो की जहाजावर ऐंशी तोफा आणि चारशे बंदुका होत्या. त्यांपैकी एक तोफ फुटून आपलीच माणसे मेली. आणि नाखुदा इब्राहीमखान लढण्याऐवजी खाली दडला. यात्रेहून परतणाऱ्या स्त्रियांची जी विटंबना झाली तिचेही वर्णन त्याने टाळलेले नाही. फारसी गद्य येथपर्यंत आले. लघुचित्राच्या परंपरेने मात्र हा आपला विषय मानला नाही. ज्याने लुटले त्याच्या देशाला मात्र तो विषय वाटला: चार्ल्स जॉन्सन या नावाने १७२४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या चाचांच्या चरित्रसंग्रहाच्या अठराव्या शतकातील आवृत्तीत एव्हरी आणि त्याचे साथीदार मोगल बादशहाचे जहाज काबीज करीत असल्याचे कोरीव चित्र छापले गेले. लुटलेल्या जहाजाची आज आपल्याला परिचित असलेली प्रतिमा लुटणाऱ्याच्या बाजूने काढलेली आहे. त्याच देशातल्या क्लेमेंट डाऊनिंगने १७३७ मध्ये कान्होजी आंग्र्यांना आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातच चाचा ठरविले. आंग्रे आपल्या दस्तकाशिवाय कोणास समुद्रावर फिरू देत नसत. पोर्तुगीजही आपल्या परवान्याशिवाय फिरू देत नसत, पण त्यांच्यासाठी हा शब्द कोणी शीर्षकात घातला नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५-१६ च्या आज्ञापत्रात आरमाराचे जे प्रकरण आहे त्यात कौल घेतलेल्या सावकारांच्या तरांड्यांना उपद्रव होऊ नये, अशी ताकीद आहे. आपल्याकडेही ही कागदावरचीच व्यवस्था राहिली. तिचे चित्र कोणी काढले नाही.

चित्राने जे सोडले ते शब्दांनी धरून ठेवले, असे मला वाटते, आणि ते दरबारी शब्दांनी नव्हे. फारसीतील ‘नाखुदा’ हा शब्द ‘नाव’ व ‘खुदा’ यांपासून झाला, नावेचा धनी. (त्यातील ‘नाव’ आपल्या ‘नौ’ची सख्खी बहीण आहे, ही जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट.) कागदपत्रांत तो ‘नाखुदा’ असाच राहतो, जसे दप्तरात शिरलेले ‘सरदार’, ‘हुद्देदार’ यांसारखे शब्द आपला आकार फारसा सोडीत नाहीत. पण कोळ्याच्या तोंडी तो ‘नाखवा’ झाला. मधला दकार झिजून नाहीसा होण्यास लेखणी कारण होत नाही. पिढ्यानुपिढ्या तोंडातून तोंडात जावे लागते. लेखणीने घेतलेला शब्द आणि कानाने घेतलेला शब्द असा भेद केला तर नाखवा, सारंग, सुकाणू, खलाशी हे सर्व कानाने घेतलेले आहेत. गुराब हे अरबीत कावळ्याचे नाव. कोकणात ते लढाऊ जहाजाचे झाले आणि इंग्रजांनीही तेच उचलले. ‘आरमार’ मात्र पोर्तुगिजांकडून आले. म्हणजे ज्यांच्याशी धक्क्यावर बोलावे लागले, ज्यांच्याशी पाण्यावर लढावे लागले, त्या सर्वांचे शब्द येथे आहेत. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोशाने दरबारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्यांतील काही रूढही झाले. नाखव्याला पर्याय कोणी देऊ शकले नाही, आणि त्याला त्याची गरजही वाटली नाही. ‘चाचा’ हा शब्दही असाच तोंडचा. फारसीला त्या अर्थी ‘दुज्द-ए-दर्याई’, म्हणजे समुद्रावरचा चोर, असा जोडशब्द करावा लागतो. ज्या भाषेला त्यासाठी स्वतंत्र, छोटा, तुटक शब्द आहे तिच्या बोलणाऱ्यांनी तो माणूस जवळून पाहिलेला असतो. कधी त्याच्या नावेतूनही.

याच ओघात ‘लंगर’ हा शब्द घ्यावा. फारसी लंगर मराठीत ‘नांगर’ होतो आणि जहाज ‘नांगर टाकते’. संस्कृत ‘लाङ्गल’पासून आलेला आपला शेतीचा नांगर त्याला येऊन मिळाला आहे. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये लोखंडी नांगरांच्या कारखान्याभोवती वसली. त्या परिसरात वाढलेल्या मुलाला पाण्यात नांगर टाकणे ही कल्पना प्रथम हास्यास्पदच वाटते. लेखकालाही ती तशी वाटली होती. कोकणातील ज्या कोणी प्रथम हा शब्द असा फिरविला त्याचे अर्धे मन जमिनीवर होते, पण इराणी चित्रकाराप्रमाणे समुद्राला काठ घालण्याची त्याला आवश्यकता भासली नाही.

राहता राहिला प्रश्न पुस्तकांतील त्या ओळीचा. लघुचित्रे छापू नयेत असे कोणी म्हणणार नाही. मात्र ‘तत्कालीन जहाज’ याऐवजी ग्रंथाचे नाव, चित्रकाराचे नाव ठाऊक असल्यास ते, सन, आणि ते पान ज्या शहरात रंगविले गेले त्याचे नाव द्यावे. मिर्झा अलीच्या जहाजाखाली ‘तबरीझ’ असे लिहिले, आणि अनीस-उल-हुज्जाजच्या पानाखाली ‘बहुधा गुजरात’ असे लिहिले, तर वाचक नकाशा उघडून पाहील. घोड्यांच्या व्यापारावरील प्रकरणात यांपैकी एकही चित्र न घालता एकसरच्या वीरगळाचे छायाचित्र घातले तर अधिक बरे.